बॅटरी किती तास टिकते?

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि त्याने लॅपटॉप घेतला. साधा नव्हे, ज्याला बाजारात 'गेमिंग लॅपटॉप' म्हणतात तो. खोक्यावर 'दहा तासांपर्यंत बॅटरी' असे छापलेले होते. भाचा तसा चौकस. जाहिरातीवर विश्वास न ठेवता त्याने एका नावाजलेल्या परीक्षकाने प्रत्यक्ष चाचणी घेऊन लिहिलेले परीक्षण वाचले. त्यात साडेसात तास असा आकडा होता. मग एके संध्याकाळी वसतिगृहातली वीज गेली, मित्रांबरोबर खेळ अर्धवट चालू होता, आणि पूर्ण भारित बॅटरीवरचा तो लॅपटॉप तासाच्या आत बंद पडला. सुट्टीत घरी आल्यावर त्याने मला विचारले, "मामा, हे परीक्षण लिहिणारे कंपन्यांकडून पैसे घेतात का रे?"

घेत असतील, नसतील. पण मला त्याच्या प्रश्नापेक्षा त्यामागचे गृहीतक अधिक महत्त्वाचे वाटले. दहा, साडेसात आणि एक हे तीन आकडे परस्परविरोधी आहेत, तेव्हा त्यांपैकी दोन खोटे असलेच पाहिजेत, असे तो धरून चालला होता. प्रत्यक्षात तिन्ही आकडे खरे असू शकतात. हे कसे, ते समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. 'बॅटरी किती टिकते' हा प्रश्न लॅपटॉपपेक्षा बराच जुना आहे, आणि त्याच्या उत्तरावरून एकदा एका मोठ्या वैज्ञानिक संस्थेच्या संचालकाची नोकरीही गेली होती.

घागर आणि तोटी

१८०० साली इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने जस्त आणि तांबे किंवा चांदी यांच्या चकत्यांची चळत रचून सलग वाहणारा विद्युतप्रवाह मिळवला. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने शिशाच्या पत्र्यांचा, पुन्हा पुन्हा भारित करता येणारा संचायक घट बनवला. आपल्या मोटारीत आणि इन्व्हर्टरमध्ये आजही बहुधा याच घराण्यातली बॅटरी असते. विजेचे दिवे व यंत्रे आल्यावर अशा घटांना मागणी वाढली आणि साहजिकच प्रश्न आला, या घटात वीज किती मावते?

पहिल्यांदा सुचते ते उत्तर घागरीचे. घागरीत दहा लिटर पाणी असेल, तर तोटी बारीक सोडा की मोठी, दहाच लिटर मिळणार. तोटी दुप्पट उघडली तर वेळ निम्मा होईल, एवढेच. बॅटरी मात्र अशी वागत नाही. १८९७ साली जर्मनीतील विल्हेल्म प्यूकर्ट याने शिशाच्या घटांविषयी दाखवून दिले की, प्रवाह जितका मोठा काढावा तितकी घटातून मिळणारी एकूण वीजच कमी होते.

एक उदाहरण घेऊ. एक बॅटरी ५ अँपिअर प्रवाह २० तास देते, म्हणजे तिची क्षमता १०० अँपिअर-तास आहे. तिच्यातून ५० अँपिअर काढले तर घागरीच्या हिशेबाने ती २ तास चालायला हवी. पण प्यूकर्टच्या सूत्रातील घातांक १.२ धरला (शिशाच्या घटांना तो साधारण १.१ ते १.३ असतो), तर उत्तर येते सुमारे सव्वा तास. उरलेली वीज नाहीशी झालेली नसते. घटातील रासायनिक द्रव्याला पत्र्यांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरायला वेळ मिळत नाही, म्हणून ती त्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही.

याचा अर्थ असा की, 'या बॅटरीची क्षमता किती' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'कोणत्या वेगाने वापरली असता' ही अट जोडल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा आहे. म्हणूनच इन्व्हर्टरच्या बॅटरीवर क्षमतेच्या आकड्याशेजारी 'सी-२०' किंवा 'सी-१०' असे छापलेले असते. वीस तासांत किंवा दहा तासांत रिकामी केल्यास एवढी, असा त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांना घरची बॅटरी पाहून यायला जरूर सांगावे.

विजेरीचे सेल आणि वापराच्या चाचण्या

कोरड्या सेलच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. १८६६ साली जॉर्ज लक्लाँशे याने जस्त, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा घट बनवला. त्याचाच पुढे कोरडा अवतार झाला आणि तो आपल्या विजेरीत आला. हा घट विश्रांती दिली की थोडा सावरतो, हे विजेरी वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मंद झालेली विजेरी रात्रभर ठेवली की सकाळी पुन्हा थोडा वेळ बरी पेटते. म्हणजे येथे प्रवाह किती काढला, एवढेच विचारून भागत नाही. सलग काढला की थांबून थांबून, हेही सांगावे लागते.

१९१२ साली अमेरिकेतील विद्युत-रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने कोरड्या सेलच्या चाचणीच्या प्रमाणित पद्धती सुचवल्या. १९१९ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या मानक संस्थेने त्यांवर एक परिपत्रक प्रसिद्ध केले. या पद्धतींमागची कल्पना फार शहाणपणाची होती. सेल ज्या कामासाठी वापरला जाणार, त्या कामाची नक्कल करणारी चाचणी घ्यायची. टेलिफोनसाठी वेगळी, इंजिनातील ठिणगीसाठी वेगळी, विजेरीसाठी वेगळी. आजही सेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात विजेरी, खेळणी, रेडिओ अशा निरनिराळ्या वापरांसाठी निरनिराळ्या चाचण्या दिलेल्या असतात. एका सेलला एकच 'आयुष्य' नसते, जितके उपयोग तितकी आयुष्ये असतात. हे तत्त्व एवढे जुने आहे, हे लक्षात ठेवू. पुढे लॅपटॉपच्या जमान्यात ते नव्याने शिकावे लागले.

वापरणाऱ्यांचा अनुभव खोटा ठरतो तेव्हा

येथवर वाचून कोणाला वाटेल की, प्रयोगशाळेतले आकडे सोडून द्यावेत आणि वापरणाऱ्यांचे अनुभव गोळा करावेत. त्यातला धोका सांगणारी एक गोष्ट आहे.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील जेस रिची नावाचा उद्योजक 'एडी-एक्स२' नावाची पूड विकू लागला. ती मोटारीच्या बॅटरीत टाकली की बॅटरीचे आयुष्य वाढते, असा दावा होता. पूड म्हणजे मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. तिने फायदा झाला असे सांगणारी ग्राहकांची भरपूर पत्रे त्याच्याजवळ होती. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने अशा अनेक पुडींच्या चाचण्या पूर्वीपासून घेतल्या होत्या आणि कशातच गुण आढळला नव्हता. एडी-एक्स२ मध्येही आढळला नाही.

१९५३ साली नवे सरकार आले. वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांचे मत पडले की, बाजारात ग्राहक समाधानी आहेत याकडे संस्थेने दुर्लक्ष केले. त्यांनी संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला. यावर देशभरातील शास्त्रज्ञ खवळले. ब्यूरोतील शेकडो जणांनी आपणही जाऊ असे बजावले. शेवटी अ‍ॅस्टिन यांना परत घ्यावे लागले, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही ब्यूरोचे निष्कर्ष उचलून धरले. अ‍ॅस्टिन पुढे १९६९ पर्यंत संचालक होते.

मग ग्राहक खोटे बोलत होते काय? तसे मानायचे कारण नाही. पूड टाकायची तर बॅटरीची देखभाल होते, पाण्याची पातळी पाहिली जाते, ती सावकाश भारित केली जाते. दुर्लक्षित बॅटरी एवढ्यानेही सुधारते. ग्राहक सुधारणा पाहत होता आणि श्रेय पुडीला देत होता. पूड टाकलेल्या आणि न टाकलेल्या बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवून दोन्हींना सारखी वागणूक दिली, तेव्हाच हे उघड झाले. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा नुसत्या अनुभवाचे पारडे जड मानू नये आणि नुसत्या आकड्याचेही मानू नये. दोन्ही बाबतींत विचारायचा प्रश्न एकच, 'कोणत्या परिस्थितीत?'

संगणक उचलून नेता येऊ लागला

१९८१ साली बाजारात आलेला 'ऑस्बॉर्न-१' हा सहज उचलून नेता येणाऱ्या पहिल्या यशस्वी संगणकांपैकी एक. त्याचा जनक अ‍ॅडम ऑस्बॉर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्याचा मृत्यूही तेथेच, कोडाईकनालला झाला. हा संगणक सुमारे ११ किलोंचा होता आणि भिंतीवरच्या विजेवर चालायचा. नेता येई, पण पोचल्यावर प्लग शोधावा लागे.

त्याच सुमारास एप्सन कंपनीचा वहीएवढा 'एचएक्स-२०' आला. तो एका भारणात सुमारे ५० तास चालतो असे कंपनी सांगे. १९८३ सालचा टँडी कंपनीचा 'मॉडेल १००' चार साध्या पेन्सिल सेलवर २० तासांच्या आसपास चाले. आजच्या लॅपटॉपपुढे हे आकडे चमत्कारिक वाटतात. कारण सोपे आहे. त्यांचे पडदे लहान आणि प्रकाशहीन होते आणि चिप अगदी संथ होती. ती यंत्रे वीज पितच नव्हती म्हणायला हरकत नाही.

पडद्याचा प्रकाश किती महाग पडतो याचा एक नमुना इतिहासात आपोआप घडून गेला. १९८९ साली अ‍ॅपल कंपनीने 'मॅकिंटॉश पोर्टेबल' काढला. वजन सात किलोंहून अधिक, आत चक्क शिशाची बॅटरी, पण ती दहा तासांपर्यंत चाले. पडद्याला मागून प्रकाश नव्हता, त्यामुळे अंधुक जागी काही दिसत नसे, अशी तक्रार आली. १९९१ साली कंपनीने प्रकाश असलेली आवृत्ती काढली. बॅटरी टिकण्याचा काळ सुमारे निम्म्यावर आला.

त्याच १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या ज्या संशोधनावर ती उभी होती, त्याला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत प्यूकर्टचा परिणाम बराच सौम्य असतो. म्हणजे ती घागरीच्या पुष्कळ जवळ जाते. आता प्रश्न घागरीपेक्षा तोटीचा उरला. यंत्र किती वॉट ओढते?

साठ निटचा वाद

लॅपटॉप वाढले तसे संगणकविषयक मासिकांना त्यांची तुलना करण्याची गरज भासू लागली. १९९०च्या दशकात झिफ-डेव्हिस या मासिकसमूहाच्या प्रयोगशाळेने 'बॅटरीमार्क' ही चाचणी बनवली. पुढे 'बॅपको' या संगणक-उद्योगातील कंपन्यांच्या संघटनेने २००२ साली 'मोबाइलमार्क' काढली. ही एक आज्ञावली. ती लॅपटॉपवर ठराविक कामे ठराविक क्रमाने करत राहते आणि बॅटरी संपेपर्यंतचा वेळ नोंदते. प्रत्येक यंत्राला तीच कामे, म्हणजे तुलना न्याय्य. तत्त्व बरोबर होते.

२००९ साली मात्र वाद पेटला. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे लिहिले की, 'मोबाइलमार्क २००७' चे आकडे ग्राहकाची दिशाभूल करतात. चाचणीच्या नियमाप्रमाणे पडद्याचा उजेड ६० निट एवढाच ठेवला तरी चालत असे. (निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कॅन्डेला.) दिवसाउजेडी एवढ्या मंद पडद्यावर कोणी काम करत नाही. वाय-फाय बंद ठेवले जाई, आणि चाचणीच्या बहुतेक वेळात प्रक्रियक जवळजवळ रिकामाच बसलेला असे. एएमडीने उपाय सुचवला तो असा, की मोबाइल फोनला 'बोलण्याचा काळ' आणि 'नुसता चालू राहण्याचा काळ' असे दोन आकडे देतात, तसे लॅपटॉपलाही द्यावेत. यंत्र कष्ट करताना किती, आणि विसावलेले असताना किती.

आक्षेप घेणारा स्वतः बाजारातला स्पर्धक होता आणि तसे दोन आकडे देण्यात त्याचा फायदाही होता, हे सांगितले पाहिजे. पण आक्षेप कोणी घेतला यावरून तो खोटा ठरत नाही. २०११ साली एएमडीने बॅपको सोडली. मोबाइलमार्कच्या पुढच्या आवृत्त्यांत अटी बदलत गेल्या.

कंपन्यांचा दावा आणि स्वतंत्र चाचणी यांतली दरी किती असू शकते, हे २०१७ साली ब्रिटनमधील 'विच्?' या ग्राहक-मासिकाने दाखवले. त्यांनी ६७ लॅपटॉप तपासले. बहुतेक कंपन्यांच्या दाव्यापेक्षा प्रत्यक्ष वेळ कमी भरला, काहींच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास. ज्या कंपनीचा दावा खरा ठरला ती फक्त अ‍ॅपल. तेव्हा भाच्याच्या तीन आकड्यांपैकी पहिला, म्हणजे खोक्यावरचा, सर्वांत कमी भरवशाचा, एवढे मान्य करू. पण दुसरा? स्वतंत्र परीक्षकाचा?

रस्त्यावरचा अनुभव

येथे मोटारीकडे वळणे सोयीचे आहे. आपल्याकडे गाडी घेताना 'एआरएआय मायलेज' विचारतात. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था. तेथे गाडी रुळांवर ठेवून, वेग कसा वाढवायचा, कधी थांबायचे याच्या ठराविक वेळापत्रकाप्रमाणे चालवतात आणि इंधन मोजतात. मोजमाप चोख असते. तरीही सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता तो आकडा मिळत नाही, याबद्दल कोणी आश्चर्य करत नाही. वेळापत्रकात सिंहगड रस्ता नसतो, एवढेच.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यात सरकारने प्रयोगशाळेतील आकड्यांतून शहरासाठी १० टक्के आणि महामार्गासाठी २२ टक्के वजा करून मगच ते छापण्याची पद्धत सुरू केली, आणि २००८च्या गाड्यांपासून वेगवान चालवणे, वातानुकूलन आणि थंडी यांच्या चाचण्याही हिशेबात घेतल्या. युरोपनेही २०१७ पासून जुने, सौम्य वेळापत्रक सोडून नवे आणले. चाचणी वास्तवापासून दूर गेली की ती बदलावी लागते, हा धडा मोटारींनी असा पायरीपायरीने घेतला.

एक धोका मात्र चाचणी सुधारूनही राहतो. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनव्यवस्थेच्या संदर्भात जे मांडले, त्याचा आशय असा की, एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. परीक्षेत काय येते हे कळले की मुले विषय सोडून परीक्षेचा अभ्यास करतात. कंपन्याही करतात.

खेळाच्या लॅपटॉपचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे. गेमिंग लॅपटॉपच्या बॅटरीचे आकारमान तंत्रज्ञानापेक्षा विमानप्रवासाने ठरवले आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी प्रवाशाला विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय बरोबर नेता येते, त्याहून मोठीला परवानगी लागते. म्हणून मोठ्या लॅपटॉपांत बॅटरी बहुधा ९९ किंवा ९९.९ वॉट-तासांवर येऊन थांबते. अशाच लॅपटॉपबरोबर येणारा चार्जर मात्र २३० ते ३३० वॉटचाही असतो. भागाकार करून पाहा. पूर्ण जोरात चालवल्यास अर्धा तासही मिळणार नाही.

प्रत्यक्षात बॅटरीवर तो पूर्ण जोर लावलाच जात नाही. बॅटरी एवढा प्रवाह सुरक्षितपणे देऊ शकत नाही, म्हणून यंत्रच प्रक्रियक आणि ग्राफिक्स चिप यांना लगाम घालते. खेळ चालतो, पण मंद. २०१४ साली एनव्हिडिया कंपनीने 'बॅटरीबूस्ट' नावाची सोय आणली, ती बॅटरीवर असताना सेकंदाला दाखवायच्या चित्रांची संख्या ३० सारख्या मर्यादेत ठेवते. म्हणजे 'खेळताना बॅटरी किती टिकते' या प्रश्नालाही 'कसा खेळ?' हा उपप्रश्न आहेच.

समजा, बॅटरी ९० वॉट-तासांची आहे. लेख वाचताना, जालावर भटकताना लॅपटॉप सरासरी १२ वॉट घेतो. वेळ साडेसात तास. खेळताना, लगाम घालूनही, ९० वॉट घेतो. वेळ एक तास. भाच्याचे दोन आकडे येथे सापडले. परीक्षकाने पहिले मोजले होते, भाच्याने दुसरे.

परीक्षक असे का करतात? बहुतेक परीक्षणांत वाय-फायवरून संकेतस्थळे उघडत राहणे किंवा चित्रफीत सलग चालवणे हीच मुख्य चाचणी असते. उजेड १५० निट किंवा अर्ध्यावर ठेवलेला, ग्राफिक्सची मोठी चिप झोपलेली. एका प्रसिद्ध मासिकाच्या चाचणीत तर साठवलेली चित्रफीत वाय-फाय आणि कळफलकाचा प्रकाश बंद ठेवून दाखवतात. सर्व प्रकारचे लॅपटॉप एकाच तक्त्यात बसवता यावेत, हा त्यामागचा हेतू असतो. अट छापलेलीही असते, पण शेवटी बारीक टायपात. वाचक आकडा लक्षात ठेवतो, अट विसरतो.

आणखी एक गंमत आहे, ती गणिताने कळते. पडदा उजळ केला आणि ४ वॉट वाढले असे धरा. वाचताना १२ चे १६ वॉट झाले, साडेसात तासांचे साडेपाच झाले. खेळताना ९० चे ९४ झाले, साठ मिनिटांची सत्तावन्न झाली. म्हणजे हलक्या कामाचा आकडा अतिशय नाजूक असतो. एखादी पार्श्वभूमीला चालणारी आज्ञावली, पडद्याचा जलद ताजेपणा, रंगीबेरंगी कळफलक, कशानेही तो ढळतो. सर्वांत मोठा घोटाळा ग्राफिक्स चिपचा. २०१० पासून लॅपटॉपांत हलक्या कामासाठी छोटी आणि जड कामासाठी मोठी अशी चिप आपोआप बदलण्याची सोय रूढ झाली. खेळ अधिक गुळगुळीत चालावा म्हणून पुष्कळ जण मोठी चिप कायम जागी राहील अशी जुळणी करून ठेवतात. तिने नुसते जागे राहून १० वॉट घेतले, तर १२ चे २२ होतात आणि साडेसात तासांचे चार. मग ते म्हणतात, 'मी खेळतही नव्हतो, तरी परीक्षणाच्या निम्मे तास मिळाले.' त्यांचे म्हणणेही खरे.

यात वयाची भर घाला. परीक्षकाच्या हाती कोरी बॅटरी असते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने आणि उष्णतेने घटत जाते, आणि गेमिंग लॅपटॉप हे गरम होणारे यंत्र आहे.

मग परीक्षण वाचावे की नाही?

जरूर वाचावे, पण त्याचा अर्थ नीट लावून. माझे उत्तर असे आहे. चांगल्या परीक्षकाचा आकडा तुलनेसाठी भरवशाचा असतो, भाकितासाठी नाही. एकाच परीक्षकाने एकाच पद्धतीने तपासलेल्या दोन यंत्रांपैकी हलक्या कामात कोणते अधिक टिकेल, हे तो बरोबर सांगतो. खेळताना तुमचे यंत्र किती टिकेल, हे त्या आकड्यात नाहीच. हलक्या कामात पहिले आलेले यंत्र खेळात पहिले येईल, असेही नाही. त्यासाठी खेळाची वेगळी चाचणी लागते. २०१९ साली 'पीसीमार्क १०' या चाचणीसंचात कार्यालयीन काम, चित्रफीत, खेळ आणि नुसते विसावणे असे बॅटरीचे निरनिराळे प्रकार आले. १९१२ साली सेलच्या बाबतीत जे सुचले, ते लॅपटॉपला असे शंभराहून अधिक वर्षांनी लाभले. ज्या परीक्षणात खेळाचा आकडा वेगळा दिला नसेल, ते गेमिंग लॅपटॉपचे अपुरे परीक्षण समजावे. परीक्षकांना माझा दोष आहे तो एवढाच, की आकडा खोटा नसला तरी तो मथळ्यात आणि त्याची अट तळाशी, ही मांडणी प्रामाणिक नाही.

वर्गात करून पाहा

दोन साध्या गोष्टी विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील.

पहिली, विजेरीच्या साध्या जस्त-कार्बन सेलची. एकाच कंपनीचे, एकाच तारखेचे सेल घ्या. एका सेलवर एक छोटा दिवा, दुसऱ्यावर तसेच दोन दिवे समांतर जोडणीत, आणि तिसऱ्यावर एक दिवा पण तासाला दहाच मिनिटे. सेलचा दाब ०.९ व्होल्टपर्यंत उतरायला दिवा प्रत्यक्ष पेटता असण्याचे किती तास लागले, ते मोजा. दोन दिव्यांचा वेळ निम्म्याहून कमी भरतो का? थांबून थांबून पेटवलेला अधिक चालतो का? प्यूकर्ट आणि लक्लाँशे दोघेही वर्गात येतील.

दुसरी, शाळेतल्या किंवा घरच्या लॅपटॉपची. बॅटरीवर वॉट-तास छापलेले असतात. बॅटरी पूर्ण भारून अर्धा तास एकच काम करा, किती टक्के खर्च झाले ते पाहा आणि सरासरी वॉट काढा. मग उजेड पूर्ण करून तोच प्रयोग पुन्हा करा. वहीत आकडा लिहिताना त्याच ओळीत अट लिहायची, असा नियम ठेवा.

भाच्याने सुट्टी संपण्यापूर्वी हा दुसरा प्रयोग केला. त्याच्या यंत्रात मोठी चिप कायम जागी ठेवलेली होती, ती त्याने झोपवली. वाचनाचे तास वाढले. खेळाचा मात्र तासच राहिला, आणि त्यात परीक्षकाचा काही दोष नव्हता. "म्हणजे तो खोटं बोलला नाही, मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलंच नव्हतं," असे तो म्हणाला. मोजमापाविषयी एवढे कळले तर लॅपटॉपची किंमत वसूल झाली असे मला वाटते.